सायकलच्या डायनॅमोवर मोबाईल चार्ज कसा करायचा

बुटात पिझोच्या (दाबल्यावर वीज देणाऱ्या) चकत्या टाकून चालता चालता फोन चार्ज करायचे व्हिडिओ खूप फिरतात, त्यात वेळ घालवू नका. एमआयटीच्या मीडिया लॅबने 1998 मध्ये असे बूट खरंच बनवले होते आणि पिझोतून जेमतेम काही मिलिवॅट मिळाले, फोनला तर वॅट लागतात. त्यापेक्षा जुन्या सायकलचा बाटलीसारखा डायनॅमो काढा, 6 व्होल्ट 3 वॅटवाला.

सामान फार नाही: 1एन5819 चे चार शॉट्की डायोड, 2200 मायक्रोफॅरड 35 व्होल्टचा कपॅसिटर, एलएम2596 चं बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारं), यूएसबी सॉकेट आणि एक छोटी पावर बँक. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सगळं मिळतं.

डायनॅमोतून एसी येतो म्हणून आधी ब्रिज, म्हणजे एसीचा डीसी करणारी चार डायोडची जोडणी. दोन डायोडची पट्टीवाली टोकं एकत्र जोडली की तो प्लस, उरलेल्या दोघांची बिनपट्टीची टोकं एकत्र केली की मायनस, आणि मग पहिल्या दोघांचं एकेक मोकळं टोक दुसऱ्या दोघांच्या एकेका मोकळ्या टोकाला जोडा, त्या दोन जोडांवर डायनॅमोच्या वायरी. प्लस-मायनसवर कपॅसिटर (पट्टीची बाजू मायनसला, उलटा लावला तर फुटतो), पुढे बक. बकचा स्क्रू फिरवून मल्टीमीटरवर 5.1 व्होल्ट सेट करा, सॉकेट त्यानंतरच जोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या डायनॅमोला एकच टर्मिनल असतं, दुसरं टोक म्हणजे त्याची बॉडी, म्हणजेच सायकलची फ्रेम. त्यामुळे ब्रिजनंतरचा मायनस फ्रेमला अजिबात लागू द्यायचा नाही, लागला तर निम्मी पॉवर डायोडमध्येच शॉर्ट होते. मी पहिल्यांदा हीच चूक केली आणि अर्धा दिवस चांगले डायोड बदलत बसलो. फ्रेमच्या रंगावर भरवसा न ठेवता डायनॅमोच्या क्लॅम्पपासून ब्रिजपर्यंत वेगळी वायर आणा, आणि सर्किट प्लास्टिकच्या डबीत ठेवा.

फोन थेट लावू नका, सिग्नलला थांबलात की चार्जिंग तुटतं, वेग घेतला की परत सुरू, आणि फोनला हे आवडत नाही. मध्ये पावर बँक ठेवा, तीही कमी करंट घेणारी जुनी 5 व्होल्ट 1 अँपियरची असेल तर बरं, फास्ट चार्जिंगवाली जास्त ओढायला जाते आणि व्होल्टेज बसतं. पुढचा दिवा त्याच डायनॅमोवर असेल तर चार्ज करताना तो काढून ठेवा.

मिळतं किती? सपाट रस्त्यावर 15 च्या स्पीडला हातात साधारण 2 वॅट धरा. 5000 एमएएचच्या फोनमध्ये 19 वॅट-तास मावतात, म्हणजे तासभर पेडल मारून आठ-दहा टक्के. रोज ऑफिसला सायकलने जाणाऱ्याला किंवा लाईट नसलेल्या गावात एवढं खूप कामाचं आहे.

उतारावर पावर बँक काढलेली असेल तर डायनॅमो टायरवरून उचला, लोड नसताना व्होल्टेज 35 च्या वर जाऊ शकतं. पावसात रोलर घसरतो, तेव्हा टायर कापडाने पुसून घ्या आणि स्प्रिंगचा दाब बघा.