मुलांना युनिव्हर्सल स्टुडिओला न्यायचंय? मग हिशेब घरीच मांडा

परदेशातल्या थीम पार्कची सहल म्हटली की आपण आधी तिकिटाची किंमत बघतो आणि तिथेच धसका घेतो. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओचं एका दिवसाचं मोठ्यांचं तिकीट ८०-९० सिंगापूर डॉलरच्या आसपास असतं. डॉलर सत्तर रुपये धरला, तर आई-बाबा आणि दोन मुलं मिळून वीस-बावीस हजार होतात. आकडा मोठा वाटतो, पण घरचा हिशेब मीच लिहिते, म्हणून ठामपणे सांगते की पूर्ण सहलीच्या खर्चात हा वाटा लहानच असतो. खरा पैसा जातो तो विमानात, हॉटेलात, रोजच्या जेवणात आणि कार्डावर हळूच कापल्या जाणाऱ्या शुल्कात. तो वाचवायचा तर निर्णय मुंबईत, निघायच्या कितीतरी आधी घ्यावे लागतात. पार्कच्या दिवशी मात्र हात आखडता घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही पार्ल्यात राहतो, दोघंही नोकरी करतो. सासूबाई आमच्याबरोबर असतात, थोरली सातवीत आणि धाकटा दुसरीत. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते अशाच घरांसाठी आहे.

सगळ्यात आधी तारीख ठरवा, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे वाचतात. दिवाळीची सुट्टी लागली रे लागली की अख्खी मुंबई विमानतळाकडे धावते. आम्ही दिवाळी घरी करतो. उटणं, फराळ, पाहुणे सगळं आटोपून भाऊबीज झाली की मधल्या वारी, शक्यतो मंगळवारी किंवा बुधवारी निघतो. राज्य मंडळाच्या शाळांना भाऊबीजेनंतरही काही दिवस सुट्टी असते आणि तेव्हा जातानाचं भाडं बरंच खाली आलेलं असतं. सिंगापूरच्या शाळांची वर्षअखेरची मोठी सुट्टी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लागते, त्याआधी परतलात तर पार्कातली गर्दीही टळते. सीबीएसई-आयसीएसईवाल्यांनी मार्चअखेरचा, परीक्षा संपून नवं वर्ष सुरू होईपर्यंतचा मधला काळ बघावा. मे महिन्यात आपल्याकडून विमान महाग. जून जवळजवळ महिनाभर सिंगापूरच्या शाळांना सुट्टी, त्यामुळे तिथे रांगा लांब. हाँगकाँगला जाणार असाल तर १ मेच्या आसपासचे दिवस आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, तेव्हा चीनमध्ये सुट्टी असते.

मुलांचे वाढदिवसही कॅलेंडरवर मांडा. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल मांडीवर बसून थोडक्या पैशांत विमानाने जातं, नंतर सीट घ्यावी लागते. युनिव्हर्सलमध्ये चार वर्षांखाली तिकीट नाही, ४ ते १२ मुलांचं तिकीट, तेरा पूर्ण झाली की मोठ्यांचं. हाँगकाँग डिस्नेलँडमध्ये तीन वर्षांखाली फुकट आणि मुलांचं तिकीट ३ ते ११ वयाला. ज्या मुलीला युनिव्हर्सलसाठी तेरा किंवा डिस्नेलँडसाठी बारा पूर्ण होत आलीत, तिला वाढदिवसाआधी नेलं तर फरक सरळ हातात पडतो.

आता कुठे जायचं ते. त्यासाठी फूटपट्टी आणि घरातली एक भिंत पुरे. मुलाला भिंतीला टेकवून उभं करा आणि उंची सेंटिमीटरमध्ये लिहा. युनिव्हर्सलच्या बॅटलस्टार गॅलॅक्टिका रोलरकोस्टरला १२५ सेंमी लागतात, ममीच्या राइडला १२२, ज्युरासिक पार्कच्या पाण्याच्या राइडला १०७ आणि ट्रान्सफॉर्मर्सला १०२ (१२२ च्या आत असेल तर सोबत मोठं माणूस). मूल शंभरच्या आत असेल तर तिथल्या निम्म्या मजेचे पैसे तुम्ही भरणार आणि ते मूल बाहेर रडत उभं राहणार. अशा वयाला हाँगकाँग डिस्नेलँड उत्तम. २०२३ मध्ये तिथे फ्रोझनचा वेगळा विभाग सुरू झालाय, लहान मुली तिथून हलत नाहीत. शिवाय ६० वर्षांवरच्यांचं तिकीट बाकीच्यांच्या मानाने अगदी नाममात्र असतं, पासपोर्ट दाखवला की झालं. सासूबाईंना घेऊन जायचं तेव्हा आम्ही डोळे मिटून हाँगकाँग निवडलं. भारतीयांना तिथे १४ दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला व्हिसा लागत नाही, त्याऐवजी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते आणि ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे. मूल आठ-नऊच्या पुढे असेल, वेगाची भीती नसेल, तर सिंगापूर. भीती आहे की नाही हे खोपोलीच्या इमॅजिकाला एक दिवस जाऊन आधीच कळतं. तिथे जे मूल मोठ्या रोलरकोस्टरच्या रांगेतून मागे फिरतं, त्याच्यासाठी सहा तासांचा विमानप्रवास करून तेच बघायला जाऊ नका.

कागदपत्रांत पैसे वाया जातात ते घाईमुळे. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि प्रवासाच्या वेळी त्याची सहा महिने तरी मुदत बाकी लागते, हे ऐन वेळी लक्षात येतं आणि तत्काळचे दोन हजार जास्त जातात. तारीख आजच बघून ठेवा. अंधेरी, मालाड, लोअर परळ, ठाणे, जवळचं पासपोर्ट सेवा केंद्र घ्या, अर्ज सरकारी संकेतस्थळावरून स्वतः भरा. नवीन पासपोर्ट असेल तर आठ वर्षांखालच्या मुलांना आणि साठीपुढच्यांना शुल्कात दहा टक्के सवलत आहे. सिंगापूरचा व्हिसा सहसा अधिकृत एजंटमार्फत होतो. मूळ शुल्क ३० सिंगापूर डॉलर, त्यावर एजंटचा आकार वेगवेगळा. दोन-तीन ठिकाणी विचारा, चौघांचे मिळून चांगला फरक पडतो. पोहोचायच्या आधी तीन दिवसांत भरायचं एसजी अरायव्हल कार्ड पूर्ण फुकट आहे. त्याचे पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर बंद करा.

पॅकेज की स्वतः? आई-वडील सोबत असतील आणि भाषेची, फिरण्याची धास्ती असेल तर पॅकेजला नावं ठेवू नका, त्यात मनाची शांतता मिळते. पण चार जणांच्या कुटुंबाला सिंगापूर स्वतः करणं इतकं सोपं आहे की मी तरी ते पैसे देणार नाही. पॅकेज घेतलंच तर दोन गोष्टी बघा. एक, पार्कात नेमका किती वेळ मिळतो. गट नाश्ता करून अकराला पोहोचतो आणि जेवणाच्या वेळेसाठी लवकर निघतो, मग तिकिटाचे पूर्ण पैसे भरून अर्धाच दिवस मिळतो. दुसरं, परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ घेतलेला प्राप्तिकर, कापला जातो. तो बुडत नाही, प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. म्हणून जो विवरणपत्र भरतो त्याचाच पॅन क्रमांक द्या.

हॉटेलसाठी माझा हट्ट एकच, जांभळ्या मेट्रोवर राहा. सिंगापूरची नॉर्थ-ईस्ट लाइन फॅरर पार्क, लिटल इंडियाहून थेट हार्बरफ्रंटला जाते आणि हार्बरफ्रंट म्हणजे युनिव्हर्सल ज्यावर आहे त्या सेंटोसा बेटाचं दार. गाडी बदलायची नाही, टॅक्सी नाही. लिटल इंडियातल्या खोल्या लहान असतात, पण आपण मुंबईकर, जागेची तक्रार काय करणार! फक्त बुकिंग करताना खोलीत किती माणसं चालतात आणि मुलांची वयं किती, हे खरं लिहा, नाहीतर काउंटरवर जादा खोली घ्यावी लागते. जवळच १९४७ पासूनचं कोमला विलास हे शाकाहारी भारतीय हॉटेल आहे, टेक्का सेंटरचं खाद्य मार्केट आहे, मुस्तफाचं मोठं दुकान आहे. दिवाळीनंतर लगेच गेलात तर रस्त्यावरची रोषणाईही बघायला मिळते.

सकाळच्या नाश्त्याचं मात्र घरूनच न्या. ब्रेकफास्टसकट खोली आणि नुसती खोली यातला फरक चौघांसाठी रोजचा मोठा असतो, आणि मुलं तिथे दोन टोस्ट खाऊन उठतात. मी उपम्याचं कोरडं मिश्रण करून नेते. दोन वाट्या बारीक रवा मंद आचेवर खमंग भाजायचा. तीन चमचे तेलात मोहरी, उडीद डाळ, हिंग, सुकी मिरची आणि भरपूर कढीपत्ता घालून फोडणी करायची. कढीपत्ता अगदी कुरकुरीत झाला पाहिजे, ओलावा राहिला तर मिश्रण टिकत नाही. त्यात रवा, मीठ, थोडी साखर घालून पुन्हा परतायचं आणि पूर्ण गार झालं की एकेका वाटीच्या झिपच्या पिशव्या भरायच्या. हॉटेलच्या किटलीत पाणी उकळायचं, झाकणाच्या डब्यात एका वाटीला दोन वाट्या उकळतं पाणी ओतायचं, आठ-दहा मिनिटं झाकून ठेवायचं. वर लिंबू पिळलं की चौघांचं पोट भरतं आणि साडेनऊला तुम्ही मेट्रोत असता. तिथले सॉकेट चौकोनी तीन पिनांचे असतात, तेवढा अॅडॉप्टर लॅमिंग्टन रोडवरून घेऊन ठेवा.

फराळ नेताना एक गोष्ट कळकळीने सांगते. अनारसे नेऊ नका, सारणात खसखस घातलेल्या करंज्याही नाहीत. खसखशीकडे सिंगापूर आणि दुबईत अमली पदार्थांच्या नियमांखाली बघतात, तिथे ती आपल्यासारखी किराणा सामानात मोडत नाही. चिवडा, चकली, बेसनाचे लाडू खुशाल न्या. सिंगापूरला च्युइंगगम आणि खायचा तंबाखूही चालत नाही, बॅगेच्या कोपऱ्यात आजोबांची पुडी राहिलेली नाही ना ते बघा.

पैशांचं थोडं नीट वाचा. बहुतेक क्रेडिट कार्डांवर परकी चलनाच्या खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप (बँकेचं जादा शुल्क) लागतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे लाखाला ४,१३० रुपये. मार्कअप नसलेली कार्डं मिळतात, नाहीतर आधीच परकी चलन भरून ठेवायचं फॉरेक्स कार्ड घ्या. दुकानातलं मशीन कधी कधी विचारतं, रुपयांत की सिंगापूर डॉलरमध्ये? रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं, पण त्या रुपयांचा दर दुकानाच्या बाजूने लावलेला असतो. नेहमी डॉलर निवडा, कॅशिअर घाईत स्वतःच बटण दाबत असेल तर थांबवा. प्रवास विमा मात्र काढाच, तिथलं दवाखान्याचं बिल आपल्याला झेपणारं नसतं.

आता पार्कचा दिवस. शनिवार-रविवार सोडून जा, मग एक्स्प्रेस पासची, म्हणजे लांब रांग टाळायच्या जादा तिकिटाची, गरज सहसा पडत नाही. त्या पासची किंमत गर्दीप्रमाणे बदलते आणि तिकिटाइतकाच खर्च पुन्हा होऊ शकतो. सेंटोसाला जाणारी मोनोरेल हार्बरफ्रंटच्या व्हिवोसिटी मॉलमधून सुटते, माणशी ४ डॉलर. तिथूनच समुद्रावरून बोर्डवॉकने चालत जाणं फुकट आहे, सकाळच्या वेळी पंधरा मिनिटांचा छान रस्ता आहे. परतताना मात्र मोनोरेलला पैसे लागत नाहीत. म्हणून जाताना चाला, रात्री दमलेली मुलं घेऊन मोनोरेलने या.

दार उघडायच्या आधी पोहोचा आणि पहिल्या तासात ट्रान्सफॉर्मर्स, मिनियन लँड उरका. मिनियन लँड २०२५ मध्येच सुरू झालंय, तिथली रांग लवकर वाढते. धाकटा उंचीत बसत नसेल तर रांगेच्या तोंडाशी चाइल्ड स्वॅपचं विचारा. एक पालक राइड करून येतो, मग दुसरा पुन्हा रांग न लावता जातो. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या न्या, सिंगापूरचं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. पातळ रेनकोट मुंबईहूनच न्या. ज्युरासिकच्या राइडला भिजायचंच असतं, आणि नोव्हेंबरमध्ये दुपारी सरही येते. दुपारचं जेवण पार्कात मुलांच्या मनासारखं होऊ द्या. एकाच दिवशी आत-बाहेर करता येतं, त्यामुळे संध्याकाळची भूक व्हिवोसिटीतल्या फूड कोर्टवर भागवता येते. खेळण्यांसाठी दोघांना घरीच ठरावीक रक्कम लिहून द्या आणि खरेदी दिवसाच्या शेवटी. थोरली दिवसभर तीन दुकानांत भाव बघत फिरली आणि शेवटी एकच वस्तू घेतली, पण ती मनापासून.

बाकीच्या दिवसांना तिकिटाची गरजच नाही. गार्डन्स बाय द बेमधल्या उंच लोखंडी झाडांचा दिव्यांचा खेळ रोज संध्याकाळी ७.४५ आणि ८.४५ ला फुकट असतो. जमिनीवर पाठ टेकून बघा. तिथेच मुलांची पाण्यात खेळायची बाग आहे, सोमवारी बंद. बोटॅनिक गार्डन जागतिक वारसा यादीतलं आणि तेही विनामूल्य.

चांगी विमानतळावरचा ४० मीटरचा धबधबा परतीच्या दिवसासाठी राखून ठेवा, विमानाच्या दोन तास जास्त आधी पोहोचलं की झालं. एखाद्या दुकानात शंभर डॉलरच्या वर खरेदी झाली असेल आणि घेताना पासपोर्ट दाखवला असेल, तर तिथला जीएसटी विमानतळावर परत मिळतो. वस्तू मोठ्या बॅगेत असतील तर ती बॅग चेक-इन करण्याआधी कियॉस्कवर नोंद करा. फॉरेक्स कार्डावर उरलेल्या डॉलरांवर आधी चांगीतच जेवून घ्या, आणि तरीही काही उरलं तर पुढच्या महिन्यात कार्ड बंद करून रक्कम खात्यात वळती करा.