केशवराव भोसले नाट्यगृहावर माहितीपट करताना

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले, आणि दुसऱ्याच दिवशी, ज्यांचे नाव त्याला दिले आहे त्या गायक-नट संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. हा योगायोग इतका चटका लावणारा आहे की माहितीपटाची सुरुवात त्यावरच करण्याचा मोह होतो. तो आवरावा, तिथे काय होते हे प्रेक्षकाला आधी कळले नसेल, तर ज्वाळा कितीही मोठ्या दिसल्या तरी नेमके काय गेले ते उमगत नाही.

म्हणून पहिला भाग वास्तूला द्यावा. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभे राहिलेले हे नाट्यगृह ‘पॅलेस थिएटर’ या नावाने १९१५ मध्ये सुरू झाले आणि त्याला लागूनच खासबाग कुस्ती मैदान आहे. नाटकाबद्दल विचारायला गेलात तरी जुना कोल्हापूरकर हटकून कुस्तीवर घसरतो. त्याला अडवू नये, कारण एकाच आवारात तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ नांदत होते. केशवरावांविषयी मात्र थोडक्यात सांगावे: १९०८ मध्ये ‘ललितकलादर्श’ या नाटक मंडळीची स्थापना, १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर केलेला ‘संयुक्त मानापमान’ नाटकाचा प्रयोग, आणि त्याच वर्षी अवघ्या एकतिसाव्या वर्षी आलेला मृत्यू.

मुलाखतींची यादी करताना नामवंत नटांपेक्षा पडदे ओढणारे, प्रकाशयोजना सांभाळणारे, नेपथ्याचा टेम्पो उतरवून घेणारे आणि तिकीट खिडकीवर बसलेले लोक आधी गाठावेत, आणि त्यांतही वयाने ज्येष्ठ असलेल्यांना सर्वांत आधी. ‘तुम्हाला काय वाटले?’ असे विचारले की ठरावीक उत्तर मिळते. ‘तिसरी घंटा कोण द्यायचे, विंगेत उभे राहायला जागा किती होती?’ असे विचारले की माणूस हाताने मापे दाखवू लागतो. ते हात चित्रचौकटीत राहतील इतके अंतर कॅमेऱ्याने ठेवावे. पंखा बंद करावा, कॉलर माईक वापरावा आणि उठण्यापूर्वी खोलीतली शांतता मिनिटभर मुद्रित करून घ्यावी. संकलनात सांधे जुळवायला ती लागतेच.

आगीची चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेली घेऊ नये. ज्याने ती मोबाईलवर टिपली त्याच्याकडून मूळ फाईल आणि लेखी परवानगी मिळवावी. मूळ फाईलमध्ये बहुधा चित्रीकरणाची वेळ नोंदलेली असते आणि त्यावरून घटनाक्रम लावता येतो. आगीच्या कारणाबाबत अधिकृत अहवालात जे असेल तेवढेच, तसा उल्लेख करून सांगावे. चौकातली चर्चा निवेदनात घेऊ नये. या दृश्यांवर करुण पार्श्वसंगीत चढवणे मला तरी अनावश्यक वाटते, लोकांची हाकाटी आणि बंबांचा आवाज पुरेसा बोलका असतो.

जुन्या ध्वनिमुद्रिका वापरायच्या असतील तर ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, हे लक्षात ठेवावे. पद व चाल यांचे हक्क निराळे तपासावे लागतात. छायाचित्रे बहुतेक वेळा घरोघरच्या अल्बममध्येच सापडतात. ती घरी न आणता तिथेच, खिडकीच्या उजेडात, काचेचे प्रतिबिंब टाळून टिपावीत आणि मागच्या बाजूला लिहिलेला मजकूरही टिपावा.

कच्चे संकलन झाल्यावर मुलाखती दिलेल्यांना ते आधी दाखवावे; नावे, नाती आणि साल यांतल्या चुका तेच सांगतात. न वापरलेल्या पूर्ण मुलाखतींची एक प्रत, बोलणाऱ्याच्या संमतीने, एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवावी.