कॉलेजच्या लघुपट महोत्सवाला प्रायोजक कसे मिळाले

आमच्या लघुपट महोत्सवाचं पैशांचं काम यंदा माझ्याकडे होतं. कंपन्यांना ईमेल पाठवले, उत्तरच येईना. मग मोठे महोत्सव कशावर उभे राहतात ते पाहिलं. गोव्याचा इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव केंद्र आणि गोवा सरकार मिळून करतात. पुण्याच्या पिफ महोत्सवाला राज्य सरकारचं पाठबळ आहे. मुंबईच्या मामी महोत्सवाच्या नावाआधी तर बरीच वर्षं जिओ कंपनीचं नाव लागायचं. आपल्याला यातलं काय परवडणार? पण तिथे राहण्याचा, प्रवासाचा, छपाईचा भागीदार वेगवेगळा असतो, हे मात्र उचलण्यासारखं वाटलं.

रोख मागणं सोडलं. कॅमेरे भाड्याने देणाऱ्या दुकानात गेलो. "काका, पैसे नकोत. पहिला नंबर आलेल्या टीमला दोन दिवस कॅमेरा आणि लेन्स द्याल का?" काका लगेच तयार झाले. लघुपट करणारी पोरं म्हणजे त्यांचंच गिऱ्हाईक! प्रेसवाल्यांनी पोस्टरं फक्त कागदाच्या खर्चात छापून दिली. चहा-नाश्ता कॅन्टीनकडून.

सगळ्यात उपयोगी पडली ती पाटी. प्रत्येक लघुपटाआधी दहा सेकंद दिसणारी, त्या दुकानाच्या नावाची. ती आधीच बनवून मोबाईलवर दाखवायची. स्वतःचं नाव पडद्यावर कसं दिसेल ते पाहिलं की पुढचं बोलणं सोपं जातं. सोबत मराठीत एकच पान: प्रेक्षक किती, नाव कुठे झळकणार, आम्हाला काय हवं.

दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका, दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो. दुपारी तीन-चारला जा. आणि कुणी रोख दिलीच तर पावती कॉलेजच्या नावाने, त्याच दिवशी.