चारचौघांत इन्सुलिन घेताना या चुका टाळा

विदर्भातील खेड्यात पत्रिकेवर दुपारी १२ चा मुहूर्त असला, तरी वरात मांडवात येऊन पहिली पंगत बसेपर्यंत दोन-अडीच सहज वाजतात. लोकांसमोर सुई टोचायला नको म्हणून अनेक मधुमेही घरूनच जेवणाआधीचे इन्सुलिन घेऊन निघतात, आणि हीच सर्वांत धोक्याची चूक आहे. साधे इन्सुलिन जेवणाच्या सुमारे ३० मिनिटे आधी, तर जलद परिणामाचे जेवणाला बसतानाच घ्यायचे असते. जेवण लांबले की रक्तातली साखर घसरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलणे असंबद्ध होते; आणि मे महिन्यातल्या आपल्या उन्हात सगळ्यांना वाटते की माणसाला ऊन लागले. मग त्याला सावलीत निजवून साधे पाणी पाजले जाते, जेव्हा त्याला गरज असते ती साखरेची. म्हणून सोबतच्या एकाला तरी आधीच सांगून ठेवावे: अशा वेळी चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यायची, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा.

गोठ्यामागे किंवा अंधाऱ्या न्हाणीत जाऊन, लुगड्यावरून अथवा सदऱ्यावरून घाईने टोचणे हीदेखील चूकच आहे, कारण तिथे सिरिंजवरच्या रेघा नीट दिसत नाहीत आणि औषध बाहेर ओघळले तरी कळत नाही. ओसरीच्या कोपऱ्यात उजेडाला बसावे. “मामाजी, जेवणाआधीचे औषध घेतो आणि पंगतीला बसतो,” एवढे सांगणे पुरते. सिरिंज घरीच राहिली म्हणून दुसऱ्याची मागून वापरू नये. संसर्गाचा धोका तर असतोच, शिवाय दर मिलिलिटरला ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपणाची आणि १०० युनिट असलेल्या औषधाला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते, त्यांची अदलाबदल झाली की मात्रा चुकते.

इन्सुलिन गाडीच्या डिक्कीत ठेवू नये, ते तापून निकामी होते. ओल्या कापडात गुंडाळलेल्या डब्यात ते बरे राहते, मात्र बर्फाला लागून गोठू देऊ नये. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण लावावे, मांडवात अनवाणी मुले फिरत असतात.

मनाला सर्वाधिक लागते ते उपवर मुलींच्या बाबतीत. पाहायला सोयरे आले की “ते जाईपर्यंत थांब” असे घरचेच सांगतात, किंवा तो दिवसच चुकवायला लावतात. टाइप १ मधुमेहात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही, त्यामुळे मात्रा चुकवल्यास रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकते. पाहुणे बैठकीत असले तरी मुलीने आपली मात्रा वेळेवर घ्यावी, आणि ती का घ्यावी लागते हे आईवडिलांनी त्याच बैठकीत सांगावे.