उन्हाळ्यात मनगटाचं प्लास्टर कोरडं कसं ठेवायचं

मनगट मोडलं की प्लास्टर साधारण सहा आठवडे राहतं. त्यात परभणी-नांदेडकडचा मे महिना असला की पारा बेचाळिसावर, आणि अंघोळीशिवाय राहवत नाही. बाजारची महागडी कव्हरं घ्यायची गरज नाही.

१. पंक्चरच्या दुकानातून सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून आणा. बहुतेक फुकटच मिळते.
२. लांब प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून भोक नाही ना बघा, मग आतून नीट पुसून घ्या.
३. प्लास्टरच्या वरच्या कडेला, कोपराजवळ, कोरडा रुमाल गुंडाळा. वरून पिशवी चढवा आणि पिशवीचं तोंड रुमालाच्या वर, उघड्या कातडीवर ट्यूबच्या पट्टीनं बांधा. खालून एक बोट जाईल इतपतच घट्ट.
४. हात उंच धरून तांब्यानं अंघोळ करा. बादलीत हात बुडवायचा नाही, पिशवी असली तरी. अंघोळ झाली की पट्टी लगेच सोडा.

आत खाज सुटली तर विणायची सुई, पट्टी, काडी काही घालू नका. कातडी सोलून जखम चिघळते. वरून टिचक्या मारा, किंवा ड्रायरची थंड हवा कडेनं सोडा. कूलरसमोर तासभर बसलं तर प्लास्टर उलट दमट होतं.

बांगड्या-अंगठ्या त्या हातात नकोतच. बोटं मात्र दिवसभर हलवत राहा, झोपताना हात उशीवर.

बोटं निळी पडली, बधिर झाली, ठणका वाढला किंवा प्लास्टर भिजलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. चोळून देणाऱ्याकडं जाऊ नका.