गृहकर्ज मुदतीआधी फेडताना जादा रकमेचा हिशेब कसा मांडावा

गृहकर्जाचा परतफेड तक्ता हाती आला की बहुतेकांची नजर हप्त्याच्या आकड्यावर थांबते. खरे तर पाहायला हवा तो मुद्दलाचा रकाना. समजा, ३० लाख रुपयांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले आहे. त्याचा हप्ता २६,०३५ रुपये येतो. महिन्याचे व्याज काढण्यासाठी शिल्लक मुद्दलाला वार्षिक दराने गुणून १,२०० ने भागावे. पहिल्या महिन्यात ते २१,२५० रुपये भरते, मुद्दलातून वजा होतात फक्त ४,७८५ रुपये, आणि दुसऱ्या महिन्याचे व्याज उरलेल्या २९,९५,२१५ रुपयांवर, म्हणजे २१,२१६ रुपये होते. अशा ३६ ओळी स्वतः उतरवून पाहाव्यात. तीन वर्षांत ९ लाख ३७ हजार रुपये भरूनही मुद्दल जेमतेम १ लाख ९५ हजारांनी उतरलेले दिसते.

नियमित हप्त्यापेक्षा जादा भरलेली रक्कम मात्र पूर्णपणे मुद्दलातून वजा होते, म्हणूनच ती सुरुवातीच्या वर्षांत भरण्याला महत्त्व आहे. वरच्याच कर्जात पहिल्या महिन्यापासून दरमहा ५,००० रुपये जास्त भरले, तर २४० ऐवजी १६४ महिन्यांत कर्ज फिटते आणि सुमारे ११ लाख ७० हजार रुपयांचे व्याज वाचते. आपल्या कर्जाचे उरलेले महिने काढण्यासाठी एक्सेलमधील ‘एनपर’ (NPER) हे सूत्र वापरावे: त्यात दरमहाचा व्याजदर (वार्षिक दर भागिले १,२००), उणे चिन्हासह हप्ता आणि उणे चिन्हाशिवाय शिल्लक मुद्दल, याच क्रमाने आकडे भरावेत.

बोनस किंवा मुदत ठेवीची एकरकमी रक्कम भरताना मात्र एक निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. तीन वर्षांनंतर, २८,०४,५७९ रुपये शिल्लक असताना, आपण २ लाख रुपये भरले असे धरू. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला, तर तो सुमारे २४,१७८ रुपयांवर येतो आणि उरलेल्या १७ वर्षांत व्याजाचे जवळपास १ लाख ७९ हजार रुपये वाचतात. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेतली, तर कर्ज २९ महिने आधी संपते आणि वाचणारे व्याज सुमारे ५ लाख ६० हजारांवर जाते. रक्कम तीच, दिवसही तोच. फरक केवळ अर्जातील एका ओळीचा. घरखर्चाची खरोखरच ओढाताण होत नसेल, तर मुदतच कमी करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून पैसे भरताना ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी’ असे लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. काही ठिकाणी जादा रक्कम आगाऊ हप्ता म्हणून धरली जाते; त्यामुळे पुढच्या महिन्याचे स्टेटमेंट आपल्या आकड्यांशी ताडून पाहावे.

व्यक्तीने घरासाठी घेतलेले कर्ज बदलत्या दराचे असेल, तर मुदतपूर्व परतफेडीवर दंड आकारता येत नाही; स्थिर दराच्या कर्जात करारातील अट वाचावी. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला, पण मुदत लांबली. त्या काळात आपले कर्ज चालू असेल, तर आधी आजची शिल्लक मुदत तपासावी.

हाताशी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम राखून ठेवावी, आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी फेडावी, कारण तिचे व्याज कितीतरी जास्त असते. ‘करसवलत जाईल’ ही भीतीही आकड्यांवर तपासून घ्यावी: जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंतच वजावट मिळते, आणि आपल्या उदाहरणात पहिल्याच वर्षाचे व्याज सुमारे २ लाख ५३ हजार आहे; म्हणजे २ लाखांच्या वरच्या व्याजावर सवलत तशीही मिळत नाही.

शेवटचा रुपया भरल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला मागावा. घराची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करणे, तसेच तारणाचा नोंदवलेला बोजा उतरवणे, हे कर्ज देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे. तिच्यामुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. कागदपत्रे ताब्यात घेताना कर्जाच्या वेळी मिळालेल्या यादीशी एकेक कागद जुळवावा आणि मगच सही करावी.