एस्टोनियातल्या स्टार्टअपमध्ये येण्याआधी

2011 च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची लोकसंख्या 14 लाख 86 हजार होती. अख्खा एस्टोनिया देश आजही 14 लाखांच्या आत आहे. राजधानी टॅलिनला मास्टर्ससाठी किंवा नोकरीसाठी येणाऱ्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढा आकडा डोक्यात ठेवून यावं. इथल्या कंपन्या पाळण्यातच परदेशी धंदा का सुरू करतात, ते त्यावरून कळतं. त्यात धाडस वगैरे काही नाही. घरच्या गिऱ्हाइकांवर पगार निघत नाहीत, बस्स.

मी इथेच शिकले आणि आता एका सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्ट आणि सेल्स दोन्ही बघते. (छोट्या कंपनीत पदाचं नाव काहीही असो, दोन्ही करावंच लागतं.) तिथे बसून जे दिसतं तेच सांगते.

वर्गात तुम्हाला दोन मतं शिकवतील. एक 1977 चं, स्वीडनमधल्या उप्सालाचं: कंपनी आधी घरी जम बसवते, मग शेजारच्या ओळखीच्या देशात जाते आणि अनुभव गाठीशी आला की लांबच्या. दुसरं नव्वदच्या दशकातलं, 'बॉर्न ग्लोबल' कंपन्यांचं: काही जणी सुरुवातीपासूनच अनेक देशांत विकतात. परीक्षेत दोन्ही लिहा. प्रत्यक्षात कोणतं लागू पडेल, हे तुम्ही विकताय काय त्यावर ठरतं. पाइपड्राइव्ह 2010 मध्ये टॅलिनला सुरू झाली. सेल्सवाल्यांसाठीचं सॉफ्टवेअर, तेही ब्राउझरमध्ये चालणारं. मग लाटव्हिया काय नि अमेरिका काय! बोल्टचं तसं नव्हतं. मार्कुस विलिगने 2013 मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती काढली, तेव्हा तिचं नाव एमटाक्सो होतं, नंतर टॅक्सीफाय झालं. टॅक्सीच्या धंद्यात दर शहरात नवे ड्रायव्हर जमवा, नवे परवाने समजून घ्या, नवी भाडी ठरवा. तरी तिनेही टॅलिनमध्ये पाय रोवून होण्याची वाट पाहिली नाही. 2016 मध्ये ती दक्षिण आफ्रिकेतही होती.

एका देशातून दुसऱ्या देशात पैसे पाठवून देणाऱ्या वाइजची गोष्ट मला सगळ्यात जास्त पटते. तावेत हिन्रिकुस स्काइपचा पहिला कर्मचारी. राहायला लंडनला, पगार युरोत. त्याचा मित्र क्रिस्तो कारमान याचा पगार पौंडात, पण घराचं कर्ज एस्टोनियात. दोघांनी बँकेला वगळून आपापसात पैसे बदलून घ्यायला सुरुवात केली, आणि 2011 मध्ये त्यातूनच कंपनी उभी राहिली. त्यांना परदेशात 'जावं' लागलंच नाही. दोन देशांमधली अडचण हाच मुळी त्यांचा धंदा. तुमच्याकडे स्वतःची कल्पना असेल, तर तिला ही कसोटी आधी लावून बघा: अडचण मुळातच दोन देशांमधली आहे का?

आता कामाचं बोलू. छोट्या देशात सगळं ऑनलाइन असण्याचा एक तोटा आहे, जो माहितीपत्रकात सापडत नाही. इथे ओळखपत्राचं कार्ड आणि पिन वापरून करार दोन मिनिटांत सही होतो. इथली पोरं त्यातच वाढलेली, त्यामुळे प्रॉडक्ट बनवतानाही सगळ्या जगाकडे असं कार्ड आहे असं मनातल्या मनात धरून चालतात. मग जर्मन गिऱ्हाइकाला सही केलेली फाइल जाते. तिचं एक्स्टेन्शन असतं 'एएसआयसीई', आणि ती त्याच्याकडे उघडतच नाही. कायद्याने ही सही युरोपीय संघात सगळीकडे चालते, पण समोरच्या अकाउंट्सवाल्या बाईंना कायदा नको असतो, पीडीएफ हवी असते. कधी कधी तर कागदावरची सही आणि शिक्का. असे मेल कंपनीत सगळ्यात आधी सपोर्टच्या माणसाला येतात. ते नुसते निस्तरू नका, देशवार नोंदून ठेवा. पुढच्या देशात काय अडणार, हे त्या नोंदींतूनच कळतं, आणि मीटिंगमध्ये नवख्या माणसाचं म्हणणंही त्यामुळेच ऐकलं जातं.

पैसे घेण्याचंही तेच. आपल्याकडे दुकानदार आधी यूपीआयचा क्यूआर पुढे करतो; नेदरलँड्सचं गिऱ्हाईक तसंच आयडील शोधतं, पोलंडचं ब्लिक. नुसतं कार्डचं बटण ठेवलं की निम्म्या वाटेवरून माणूस परत जातो. आणि व्हॅट! डिजिटल सेवा युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशांतल्या सामान्य ग्राहकांना विकली, तर वर्षाला 10 हजार युरोंची मर्यादा ओलांडल्यावर ग्राहकाच्या देशाचा दर लागतो. त्यासाठी 2021 च्या जुलैपासून 'वन स्टॉप शॉप' आहे, म्हणजे सगळ्या देशांचं विवरण एकाच ठिकाणी भरता येतं. समोर संघातल्याच दुसऱ्या देशातली कंपनी असेल तर तिचा व्हॅट क्रमांक तपासायचा आणि बिलात व्हॅट लावायचा नाही. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण जीएसटीचं काम पाहिलेल्या आपल्या मुलामुलींना ते पटकन जमतं, आणि इथे कुणालाच करायचं नसतं.

मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा: पैसे देणारी पहिली गिऱ्हाइकं कोणत्या देशातली? सगळी एस्टोनियातलीच असतील आणि कंपनी तीन-चार वर्षांची असेल, तर सावध व्हा. शिवाय स्टार्टअप व्हिसासाठी कंपन्या तपासणाऱ्या इथल्या स्टार्टअप समितीची मान्यता कंपनीला आहे का, हेही विचारून घ्या; ती असली की परदेशी माणूस घेणं कंपनीला सोपं जातं. एस्टोनियन भाषा न येता काम मिळतं, कारण गिऱ्हाईकच बाहेरचं. जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पांना मात्र मुकाल.

ई-रेसिडेन्सीबद्दल मला सारखे मेसेज येतात, म्हणून इथेच लिहून टाकते. 2014 पासूनची ही सोय म्हणजे डिजिटल ओळख आहे. तिने कंपनी काढता येते, चालवता येते; व्हिसा मिळत नाही, राहण्याचा हक्कही नाही. वाटून न घेतलेल्या नफ्यावर तिथे कर नाही हे खरं, पण पुण्यात बसून ती कंपनी चालवणार असाल तर आपला आयकर आणि फेमा (परकीय चलनाचा कायदा) काही सुटत नाही. फी भरण्याआधी सीएकडे जाऊन या.